‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ : औषधं नीट न घेऊ शकणारा रुग्ण फार्मासिस्टने कसा ओळखावा

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येतं. शेवटचा ‘ना’ दुसरं उत्तर येऊच देत नाही. तरी आपल्यातले बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, ‘हो’ ऐकतात आणि पाकीट पुढे सरकवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली दिलेल्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे समोरच्या रांगेतल्या दोघांपैकी एकाचं काहीतरी अडतंय. दिवसभरात एकही माणूस ‘नाही, मला जमत नाही’ म्हणत नसेल, तर आपण विचारतोय ते चुकीचं आहे, किंवा चुकीच्या वेळी विचारतोय.

अनेक वर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर माझं मत असं झालंय की चूक मुख्यतः क्रमात होते. आपण आधी विचारतो, लगेच उपदेश करतो आणि नोंदी शेवटी पाहतो, किंवा पाहतच नाही. क्रम असा हवा: आधी नोंद, मग निरीक्षण, मग प्रश्न, मग कारण आणि सगळ्यात शेवटी उपाय. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढचा कोसळतो, हे मी स्वतः चुका करून शिकलो आहे.

पूर्वतयारी

तीन गोष्टी हाताशी नसतील तर सुरुवातच करू नका.

पहिली, जागा. वेगळी खोली नसली तरी चालेल, पण काउंटरचं एक टोक असं हवं की तिथलं बोलणं मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही. मानसिक आजाराचं किंवा एचआयव्हीचं औषध घेणारा माणूस रांगेत उभा राहून खरं बोलणार नाही, आणि त्याने का बोलावं?

दुसरी, नोंद. औषधाचं नाव, दिल्याची तारीख आणि दिलेली संख्या बहुतेक ठिकाणी लिहिलेली असते. ‘दिवसाला किती’ हे मात्र राहून जातं. ते नसेल तर तीस गोळ्या म्हणजे तीस दिवस की पंधरा, हे कळायला मार्ग नाही. आजपासून प्रत्येक दीर्घकालीन औषधापुढे रोजचा डोस लिहायला लागा. पुढचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

तिसरी, सहकारी. औषधं काढून देणारा मदतनीस रुग्णाशी तुमच्यापेक्षा जास्त बोलतो, आणि ‘ही एक राहू द्या या वेळी’ हे वाक्य बहुधा त्याच्याच कानावर पडतं. असं काही ऐकलं की नोंदीत कोणती खूण करायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. शेऱ्यात ‘बेफिकीर’, ‘ऐकत नाही’ असले शब्द लिहायचे नाहीत, हेही त्याच वेळी ठरवा. असा शेरा वाचून पुढच्या वेळी त्या माणसाशी बोलणाऱ्याचा सूर आपोआप बदलतो.

आणि एकदम सगळ्या रुग्णांच्या मागे लागू नका. रोज दोनच रुग्ण नीट पाहायचे, असं ठरवून सुरुवात करा.

टप्पा 1: नोंद वाचा, रुग्ण समोर नसताना

हे काम दुकान शांत असतानाचं. गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी घ्या आणि प्रत्येक दीर्घकालीन औषध वेगवेगळं पाहा. ‘त्यांची औषधं नियमित जातात’ असा एकत्रित अंदाज सगळ्यात जास्त फसवतो.

मोजायचं एवढंच, की ठरावीक दिवसांपैकी किती दिवस रुग्णाकडे ते औषध असू शकत होतं. उदाहरण घेऊ. 90 दिवसांचा काळ, रोज एक गोळी. पहिल्या दिवशी 30 गोळ्या नेल्या, नंतर 38व्या दिवशी 30 आणि 75व्या दिवशी 30. पहिल्या खेपेने 30 दिवस भागले, दुसरीने 30 आणि तिसरीतले 90व्या दिवसापर्यंतचे 16. एकूण 76 दिवस, म्हणजे 84 टक्के. रुग्ण मुदतीआधी येऊन औषध घेऊन गेला असेल, तर उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेत धरायच्या, दोनदा मोजायच्या नाहीत.

बऱ्याच आजारांत 80 टक्क्यांच्या वर असेल तर ‘ठीक’ म्हणण्याची पद्धत आहे. त्या हिशोबाने वरचा रुग्ण ठीक ठरतो. पण त्याच्याकडे दोनदा, सलग सात-सात दिवस गोळीच नव्हती! ती कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर शांतपणे बोलता येईल. फिट्सची असेल तर तो आठवडा जिवावर बेतू शकतो. म्हणून टक्केवारीसोबत सर्वात लांब खंड किती दिवसांचा होता, हेही लिहून ठेवा. माझ्या दृष्टीने तो आकडा टक्क्यांपेक्षा बोलका आहे.

आकड्यांपलीकडे काही खुणा ओळखायला शिका:

- पहिली खेप नेली, दुसरी नेलीच नाही. नवीन औषधाच्या बाबतीत हे फार होतं. त्रास झाला असेल किंवा ‘कोर्स संपला’ असं वाटलं असेल.
- पाचपैकी चार औषधं वेळेवर जातात, एकच मागे पडतं. ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विसरभोळा माणूस सगळीच औषधं विसरतो. एकच मागे पडतं तेव्हा त्यामागे बहुतेकदा निर्णय असतो.
- संख्या घटत जाते: आधी तीस, मग पंधरा, मग दहा. पैशांची ओढाताण किंवा औषधावरचा विश्वास ढळणं, दोन्ही शक्य आहे.
- औषध लवकर संपतं. जास्त घेणं हेसुद्धा सांगितल्याप्रमाणे न घेणंच आहे.

दम्याच्या रुग्णात शेवटच्या दोन गोष्टी एकत्र दिसतात. झटपट आराम देणारा पंप (इनहेलर) भराभर जातो आणि रोजचा, सूज कमी करणारा पंप पडून राहतो. वर्षात 200 डोसांचे तीन किंवा अधिक आरामाचे पंप लागले, तर दम्याचे झटके येण्याचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा अधिक लागले तर मृत्यूचाही. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट दिलं आहे. तुमच्या नोंदीत हा आकडा आत्ता, या क्षणी पडलेला आहे, फक्त मोजलेला नाही.

इन्सुलिनचंही गणित करता येतं. 3 मिलीच्या नेहमीच्या पेनमध्ये 300 युनिट असतात. रोज एकदा 20 युनिट आणि प्रत्येक वेळी सुई तपासायला 2 युनिट धरले, तर पेन तेरा दिवस पुरतं. हाच रुग्ण महिन्याला एकच पेन नेत असेल, तर निम्म्याहून अधिक डोस कुठेतरी गळतायत.

सावध: उशीर म्हणजे गुन्हा नव्हे. रुग्ण मध्यंतरी रुग्णालयात असेल, डॉक्टरांनी डोस अर्धा केला असेल, दुसरीकडून औषध घेतलं असेल किंवा डॉक्टरांनी नमुन्याच्या गोळ्या दिल्या असतील. नोंद बघून मनात प्रश्न तयार करा, निकाल नको.

सावध: अगदी नियमित खेपही काही सिद्ध करत नाही. मुलगा दर महिन्याला न चुकता औषधं घेऊन जातो आणि घरी ती कपाटात साठत राहतात, असं होतं. अशांना नोंद पकडू शकत नाही, त्यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत.

टप्पा 2: आधी कोणाशी बोलायचं ते ठरवा

नोंदी चाळल्यावर यादी लांबते आणि हुरूप जातो. म्हणून क्रम लावा. ज्यांचं औषध चुकलं तर धोका लवकर उभा राहतो, ते आधी.

यात फिट्सची औषधं, इन्सुलिन, अवयवरोपणानंतरची औषधं आणि हृदयात स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधं येतात. अपिक्साबानसारख्या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या नव्या गोळ्याही येतात, कारण त्यांचा असर साधारण दिवसभरात ओसरतो. क्षयरोग आणि एचआयव्हीमध्ये खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. बीटा-ब्लॉकर, क्लोनिडिन यांसारखी बीपीची औषधं किंवा बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स अचानक थांबली, तर थांबवणंच रुग्णाला आजारी पाडतं.

दुसरा निकष बदलाचा. रुग्णालयातून नुकतेच घरी आलेले, नवीन औषध सुरू झालेले, डोस बदललेला, गोळीचा रंग-आकार बदललेला, किंवा औषधं देणारं घरातलं माणूस बदललेलं.

आठवड्यातून एकदा घ्यायची औषधं मी कायम वेगळी काढतो. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. पाकिटावर वार लिहा, रुग्णाकडून तो वार म्हणवून घ्या आणि चार आठवड्यांची खेप त्याआधीच संपली तर सगळी कामं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

टप्पा 3: रुग्ण समोर आल्यावर आधी बघा

हा टप्पा अर्ध्या मिनिटाचा आहे. पट्टी डोळ्यांजवळ नेऊन वाचतात का? झाकण उघडताना बोटं अडखळतात का? औषधाचं नाव न घेता ‘ती गुलाबी गोळी’ म्हणतात का? तसं म्हणत असतील, तर रंग बदलला त्या दिवशी गोंधळ ठरलेला. नुसतीच मान डोलावत असतील तर ऐकू येतंय का, ते हळूच पाहा.

‘चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचून सांगा’ हे वाक्य दर खेपेला येत असेल, तर कदाचित वाचताच येत नसेल. ते उघड करू नका. गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या, आणि कारण विचारू नका.

काही वाक्यं कानात साठवून ठेवा: ‘ही आयुष्यभर घ्यायची का?’, ‘आता बरं वाटतंय’, ‘किती गोळ्या झाल्यात हो’, ‘ही जरा गरम पडते’. रुग्ण खरं सांगायला तयार असल्याची ही पहिली खूण असते. आपण घाईत ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणतो आणि दार बंद होतं.

टप्पा 4: विचारा, पण ‘ना’ काढून

आता बोलायचं. या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त चुका पाहिल्या आणि केल्याही. म्हणून थोडं थांबून सांगतो.

*परवानगी.* ‘काका, दोन मिनिटं आहेत का? तुमच्या औषधांबद्दल थोडं बोलू या का?’ नाही म्हणाले तर आग्रह नको, पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.

*अडचण नेहमीची आहे हे आधी सांगा.* ‘रोज इतकी औषधं घ्यायची म्हणजे एखादी राहून जातेच, बऱ्याच जणांची राहते.’ या एका वाक्यानंतर कबुली देणं सोपं होतं. ते खोटंही नाही, निम्म्या माणसांचं खरोखरच राहतं.

*मुदत आणि आकडा विचारा.* ‘गेल्या आठवड्यात, सोमवारपासून आजपर्यंत, रात्रीची गोळी किती वेळा राहिली असेल?’ इथे ‘राहिली का?’ आणि ‘किती वेळा राहिली?’ यांतला फरक लक्षात घ्या. पहिल्यात कबुली मागितली आहे, दुसऱ्यात फक्त संख्या. मुदत सात दिवसांचीच ठेवा. महिन्याभराचं कोणालाच आठवत नाही आणि मग अंदाजाने ‘नाही राहिली’ असं उत्तर येतं.

*मग गप्प राहा.* खरंच गप्प. मनात पाच अंक मोजा. आपण शांतता सहन न होऊन लगेच दुसरा प्रश्न टाकतो, आणि पहिल्याचं खरं उत्तर ओठांवरच राहतं.

*कालचा दिवस वदवून घ्या.* ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणती औषधं कधी घेतली, ते सांगाल का?’ यातून अशा गोष्टी बाहेर येतात ज्या विचारायचं आपल्याला सुचलंच नसतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटाबरोबर घेतलेली असतात. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. हाडांच्या ठिसूळपणासाठीची आठवड्याची अलेन्ड्रोनेट गोळी घेऊन आजी पुन्हा आडव्या झालेल्या असतात. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ बसायचं असतं. ही माणसं एकही गोळी चुकवत नाहीत, तरीही औषध सांगितल्याप्रमाणे घेत नाहीत.

*शंका विचारा.* ‘या गोळीबद्दल मनात काही भीती आहे?’ किंवा ‘ही गोळी कशासाठी आहे असं तुम्हाला वाटतं?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘डॉक्टरांनी दिली म्हणून घेतो’ असं उत्तर आलं, तर ती गोळी फार काळ टिकणार नाही असं समजा.

पैशांचा प्रश्न थेट विचारू नका. ‘या वेळी सगळी औषधं काढू, की काही पुढच्या वेळी?’ असं विचारलं की माणूस न लाजता सांगतो. कोणती पुढे ढकलली, ते टिपून ठेवा.

सावध: ‘का नाही घेतली?’ हा प्रश्न वर्ज्य. ऐकणाऱ्याला तो रागावणंच वाटतं. त्याऐवजी ‘राहते तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?’ असं विचारा.

सावध: एकदा रागावलात की तो माणूस पुन्हा तुमच्याशी खरं बोलणार नाही. ‘असं केलंत तर अटॅक येईल’ हे वाक्य मी सुरुवातीच्या वर्षांत अनेकदा वापरलं. त्या माणसांनी पुढे सगळ्याच प्रश्नांना ‘हो’ म्हणायला सुरुवात केली, आणि मला ते यश वाटलं होतं.

सावध: सोबत नातेवाईक असतील तर निदान एक प्रश्न रुग्णाला थेट, एकट्याने विचारता येईल असं पाहा. घरच्यांसमोर बरंच काही झाकलं जातं. घरच्यांना काही सांगायचं असेल तर आधी रुग्णाची संमती घ्या.

छापील प्रश्नावल्याही आहेत. मोरिस्की यांची चार प्रश्नांची प्रश्नावली 1986 पासून वापरात आहे. विसरता का, हयगय होते का, बरं वाटलं की थांबवता का, त्रास झाला की थांबवता का, असा तिचा रोख आहे. नंतरच्या आठ प्रश्नांच्या आवृत्तीला परवाना लागतो, तो घेतल्याशिवाय ती वापरू नका. नवशिक्या सहकाऱ्याला अशी प्रश्नावली आधार देते. पण कागद भरून घेणं म्हणजे बोलणं नव्हे.

टप्पा 5: घरातली सगळी औषधं मागवा

शंका असेल तर पुढच्या खेपेला घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायला सांगा. सगळी म्हणजे जुनी, अर्धवट संपलेली, शेजाऱ्याने दिलेली, आयुर्वेदिक, जीवनसत्त्वाची, सगळीच.

एका रुग्णाची नोंद इतकी नेटकी होती की मी कधी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. दर महिन्याला ठरल्या दिवशी औषध जायचं. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, शेवटी तिसरी गोळी जोडली. तेव्हा कुठे मी पिशवी मागवली. तिच्यात न उघडलेली अकरा पाकिटं निघाली. लघवी जास्त होते म्हणून एक गोळी त्यांनी कधीच बंद केली होती, पण डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून विकत मात्र घेत राहिले. तीन वर्षं मी त्यांना ‘वेळेवर घेता ना?’ विचारत होतो.

पिशवी उघडल्यावर काय पाहायचं? न उघडलेली पाकिटं आणि त्यांवरच्या तारखा. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी आहे का, म्हणजे दुप्पट डोस जातोय का. एका डबीत मिसळलेल्या गोळ्या. मुदत संपलेली औषधं. गोळ्या मोजल्यात तरी त्या संख्येवर फार विसंबू नका. तपासणी होणार हे माहीत असलं की लोक गोळ्या काढून टाकतात. तसंच डॉक्टरांच्या भेटीआधी काही दिवस औषधं नीट घेतली जातात, त्यामुळे दवाखान्यातलं बीपी चांगलं दिसतं आणि सगळेच निश्चिंत होतात.

पिशवीसोबत हातही पाहा. पंप, पेन, डोळ्यांचे थेंब, काहीही असो, ‘येतं का वापरता?’ असं विचारू नका. ‘घरी कसं घेता, ते एकदा करून दाखवाल का?’ असं म्हणा.

दाबून फवारा येणारा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश खोल श्वास घेतानाच दाबायचा आणि जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा. पावडरचा पंप याच्या उलट: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, आणि त्यात फुंकायचं नाही. दोन्ही प्रकारचे पंप असलेल्या माणसाकडून हमखास अदलाबदल होते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरली का, हे विचारा. तोंड आलं म्हणून पंप सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. डोळ्यांत दोन वेगळे थेंब घालायचे असतील तर मध्ये पाच मिनिटं जायला हवीत, नाहीतर पहिला थेंब दुसऱ्याबरोबर वाहून जातो.

तपासा: इथपर्यंत येऊन तुम्हाला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. कोणतं औषध चुकतंय, साधारण किती, आणि केव्हापासून. यातली एकही मोघम असेल तर उपायाकडे जाऊ नका, टप्पा 4 पुन्हा करा.

टप्पा 6: कारण वेगळं करा

कारणांची मी चार खणांत विभागणी करतो: मिळत नाही, जमत नाही, लक्षात राहत नाही (किंवा नीट कळलेलंच नाही), आणि नको वाटतं.

पहिल्या तिघांत घ्यायची इच्छा असते, मार्ग नसतो. चौथ्यात माणसाने विचारपूर्वक ठरवलेलं असतं. त्याच्या मनाच्या तराजूत एका पारड्यात ‘याची गरज’ आणि दुसऱ्यात ‘याची भीती’ असते, आणि भीतीचं पारडं जड झालेलं असतं. रक्तदाबात काहीच दुखत नाही, म्हणून गरज हलकी वाटते. काही बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, म्हणून भीती जड. नैराश्यावरच्या औषधांत तर त्रास पहिल्या दिवसांतच जाणवतो आणि आराम पडायला काही आठवडे लागतात. आधी सांगितलं नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात गोळी सुटणं अगदी स्वाभाविक आहे.

मोठी चूक म्हणजे एका रुग्णाला एकच खण देणं. तोच माणूस रात्रीची गोळी विसरतो, इनहेलर त्याला वापरता येत नाही आणि पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, प्रवासाच्या दिवशी तो मुद्दाम टाळतो. प्रत्येक औषधापुढे वेगळं कारण लिहा.

टप्पा 7: उपाय कारणाला जुळवा

कारण नीट सापडलं की उपाय बहुधा समोरच असतो, म्हणून इथे थोडक्यात. विसरणाऱ्यासाठी गोळी रोजच्या एखाद्या पक्क्या सवयीला बांधा, गजर लावून द्या, वारांच्या खणांची डबी द्या. जमत नसेल तर सोपं झाकण, मोठी अक्षरं, गिळता येईल असा प्रकार, घेण्याच्या वेळा कमी करता येतील का याची डॉक्टरांकडे विचारणा. परवडत नसेल तर त्याच घटकाचा स्वस्त पर्याय. नको वाटत असेल तर आधी ऐका, मग त्रासावर तोडगा शोधा.

मुद्दाम औषध टाळणाऱ्याला गजर आणि डबी देऊ नका. त्याला वाटतं आपलं म्हणणं कोणी ऐकलंच नाही, आणि त्याचं ते वाटणं बरोबर असतं.

सावध: प्रत्येक औषध खणांच्या डबीत ठेवता येत नाही. गुठळी रोखणारं डाबिगाट्रान आणि फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट ओलाव्याने खराब होतात, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात. गिळता येत नाही म्हणून सावकाश विरघळणारी गोळी कुटून घेऊ देऊ नका, सगळा डोस एकदम अंगात जातो.

निघण्याआधी ‘कळलं ना?’ असं विचारू नका, पुन्हा तोच ‘ना’. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे, घरी गेल्यावर कसं घ्याल ते सांगा’ असं म्हणा. चुकलेला डोस पुढे कसा भरून काढायचा, हेही त्याच वेळी वदवून घ्या. नाहीतर पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतात.

टप्पा 8: डॉक्टरांना कळवा, डोस वाढण्याआधी

रुग्णाला सांगून कळवा, त्याच्या पाठीमागे नाही. निरोप छोटा आणि निवाड्याशिवाय असावा: ‘बीपीची दुसरी गोळी गेल्या दोन महिन्यांत साधारण निम्मे दिवस घेतली गेली. कारण: रात्री लघवीला उठावं लागतं. सकाळी घेण्याची रुग्णाची तयारी आहे. वेळ बदलता येईल का?’ यात काय चुकतंय, का चुकतंय आणि काय करता येईल, तिन्ही आलं.

सावध: वर सांगितलेल्या अकरा पाकिटांच्या रुग्णाला मी त्या दिवशी ‘उद्यापासून सगळ्या गोळ्या घ्या’ म्हणालो असतो, तर वाढवलेले डोस त्यांच्या अंगात पहिल्यांदाच एकदम गेले असते. बीपी कोसळून ते पडले असते. गोळ्या घेतल्या जात नव्हत्या त्या काळात डोस वाढवला गेला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ‘आता सगळं नीट घ्या’ असं कधीच सांगू नका. इन्सुलिनच्या बाबतीतही हेच. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला परिचारिका सगळी औषधं वेळच्या वेळी देतात, तेव्हाही असंच घडू शकतं. म्हणून रुग्ण दाखल होणार असेल तर ही माहिती तिथेही पोहोचवा.

टप्पा 9: पुन्हा भेटा, तारीख ठरवून

‘काही वाटलं तर या’ याला पाठपुरावा म्हणत नाहीत. इंग्लंडमध्ये 2011 पासून औषधालयांत नवीन औषधांसाठी एक सेवा चालते. तिथे औषध सुरू झाल्यावर 7 ते 14 दिवसांत पहिलं बोलणं होतं आणि त्यानंतर 14 ते 21 दिवसांनी दुसरं. हे अंतर सोयीचं आहे. पहिल्या वेळेपर्यंत त्रास जाणवू लागलेले असतात आणि माणूस औषध सोडण्याच्या बेतात असतो. दुसऱ्या वेळेपर्यंत पहिली खेप संपत आलेली असते. फोनवर पाच मिनिटं पुरतात.

बोलण्यात तोच क्रम ठेवा: आधी नोंद उघडा, मग गेल्या सात दिवसांचा आकडा विचारा. मागच्या वेळी रुग्णाने स्वतः जो अडथळा सांगितला होता, त्याच्याच शब्दांत त्याची आठवण काढा: ‘रात्री उठावं लागत होतं म्हणालात, ते आता कसं आहे?’

नोंदीत चार ओळी लिहा: कोणतं औषध, किती चुकत होतं, रुग्णाने सांगितलेलं कारण, पुढच्या बोलण्याची तारीख. कारण रुग्णाच्याच शब्दांत लिहा, म्हणजे त्या दिवशी तुम्ही सुट्टीवर असलात तरी फोन करणारा सहकारी तिथूनच पुढे बोलू शकेल.